'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' : श्वासाचा संबंध नाही, मग या इंग्रजी वाक्याचा अर्थ काय?

सोशल मीडियावर कुणीतरी विचारतं, 'या वेबसिरीजचा पुढचा सीझन कधी येणार?' खाली एक जण इंग्रजीत लिहून जातो, 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ.' दुसऱ्या पोस्टवर प्रश्न पगारवाढीचा असतो, उत्तर तेच. तिसरीकडे रखडलेल्या पुलाची चर्चा चाललेली असते, तिथेही कुणीतरी हेच चार शब्द टाकून निघून जातं.

शब्द सगळे ओळखीचे आहेत. डोन्ट म्हणजे नका, होल्ड म्हणजे धरणं, ब्रेथ म्हणजे श्वास. जोडून वाचलं तर 'श्वास रोखून धरू नका' असं काहीसं होतं. पण पगारवाढीचा आणि श्वासाचा संबंध काय? अशा वेळी अनेकांना ही काळजीपोटी दिलेली सूचना वाटते. कुणाला वाटतं, 'टेन्शन घेऊ नका, होईल सगळं' असा धीर दिलाय. खरं म्हणजे समोरचा नेमकं उलटं सांगत असतो. त्यामुळे हे वाक्य उलटं वाचलं गेलं की माणूस नसलेल्या आशेवर बसून राहतो.

हा वाक्प्रचार आला कुठून, वापरायचा कसा, कुठे वापरू नये आणि मराठीत त्याला काय म्हणायचं, ते पाहू.

थोडक्यात अर्थ काय?

'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' म्हणजे 'ही गोष्ट इतक्यात होईल अशी आशा धरून बसू नका. बहुतेक होणारच नाही.'

मराठीत सांगायचं तर 'बसा वाट बघत', 'त्या भरवशावर राहू नका', 'डोळे लावून बसू नका'.

या वाक्यात दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे अंदाज : काम लवकर होणार नाही, कदाचित कधीच होणार नाही. दुसरी म्हणजे टोमणा : ज्यानं आश्वासन दिलंय त्याच्यावर बोलणाऱ्याचा फारसा विश्वास नाही. नुसता 'उशीर होईल' एवढाच निरोप द्यायचा असेल तर इंग्रजी बोलणारा माणूस सहसा हे वाक्य वापरत नाही. तिथे कुठेतरी 'यांचं नेहमीचंच आहे' हा सूर असावा लागतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवायला हवा. हे वाक्य 'अशक्य आहे' असं ठामपणे म्हणत नाही. शक्यता कमी आहे, म्हणून तुमचं बाकीचं काम अडवून ठेवू नका, एवढंच ते सांगतं.

मग यात श्वास आला कुठून?

उत्कंठा शिगेला पोचली की माणूस नकळत श्वास रोखतो. हा अनुभव जगभर सारखाच आहे.

२९ जून २०२४ ची रात्र आठवा. ब्रिजटाऊनमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषकाची फायनल चालू होती. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू डेव्हिड मिलरनं उंच मारला आणि सीमारेषेवर सूर्यकुमार यादव धावत गेला. त्यानं चेंडू पकडला, तोल जाताना तो हवेत उडवला, रेषेबाहेर जाऊन पुन्हा आत आला आणि झेल पूर्ण केला. तेवढे दोन-तीन सेकंद टीव्हीसमोर बसलेल्या कित्येकांचा श्वास अडकला होता. भारत ती फायनल ७ धावांनी जिंकला.

किंवा २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ घ्या. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत होता. २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या लँडरशी शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला होता, त्यामुळे यावेळी धाकधूक जास्तच होती. इंग्रजीत अशा क्षणाचं वर्णन 'द नेशन हेल्ड इट्स ब्रेथ' असं करतात, म्हणजे 'सगळ्या देशानं श्वास रोखून धरला'. इथे टोमणा नाही, खरीखुरी उत्कंठा आहे.

आता याचीच पुढची पायरी पाहा. निकाल काही सेकंदांत लागणार असेल तर श्वास रोखून वाट बघता येते. तीच वाट सहा महिने किंवा सहा वर्षं बघायची असेल तर? श्वास रोखून बसलेल्या माणसाचं काय होईल? या वाक्प्रचारातला विनोद इथेच आहे. 'श्वास रोखून वाट बघणार असशील तर बघू नकोस, गुदमरशील' असं ते अर्धवट सोडलेलं वाक्य आहे. पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं.

माणूस किती वेळ श्वास रोखू शकतो?

विनोद पटण्यासाठी त्यामागचं शरीरशास्त्रही थोडं कळायला हवं. सराव नसलेल्या निरोगी माणसाला साधारण अर्धा ते एक मिनिट श्वास रोखता येतो, फार तर त्याहून थोडा जास्त. मग छातीत कालवाकालव सुरू होते आणि तोंड आपोआप उघडतं.

बहुतेकांना वाटतं की शरीरातला ऑक्सिजन संपला म्हणून असं होतं. प्रत्यक्षात श्वास घेण्याची जी अनावर ओढ लागते, तिचं मुख्य कारण रक्तात साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड असतो. त्याचं प्रमाण वाढलं की मेंदू श्वसनाच्या स्नायूंना हुकूम सोडतो आणि तो हुकूम फार काळ मोडता येत नाही.

सरावानं ही मर्यादा बरीच ताणता येते. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूदनं २००९ मध्ये पाण्यात निश्चल राहून ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला होता. क्रोएशियाच्या बुदिमिर शोबातनं २०२१ मध्ये २४ मिनिटं ३७ सेकंदांचा पल्ला गाठला, पण त्यानं आधी शुद्ध ऑक्सिजन घेतला होता. या दोन प्रकारांचे विक्रम म्हणूनच वेगळे मोजले जातात. हे प्रशिक्षित लोक आहेत, सोबतीला देखरेख करणारी टीम असते. घरी किंवा स्विमिंग पूलमध्ये एकट्यानं याची नक्कल करणं जिवावर बेतू शकतं, कारण पाण्यात शुद्ध हरपली तर बाहेर काढायला कुणी नसतं.

थोडक्यात, जगातले सर्वोत्तम लोकसुद्धा काही मिनिटांच्या पुढे जाऊ शकत नाहीत. आणि सरकारी फाईल हलायला काही मिनिटं पुरत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

मराठीत हेच आधीपासून आहे

'श्वास' शब्द धरून अर्थ लावायला गेलं की हे वाक्य परकं वाटतं. 'दम' शब्द धरला की ते एकदम घरचं होतं.

दम हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ श्वासच आहे. दमा, दमछाक, दम लागणं, एका दमात पाणी पिणं, या सगळ्यांत तोच श्वास आहे. आपण उतावीळ माणसाला काय म्हणतो? 'जरा दम धर.' शब्दशः पाहिलं तर हे 'होल्ड युअर ब्रेथ'च झालं! मराठीत दम धरणं म्हणजे धीर धरणं, वाट बघणं. इंग्रजी वाक्य त्याच्यापुढे नकार लावतं : दम धरून बसू नका, कारण ज्याची वाट बघताय ते येणार नाही.

पण इथे एक गोंधळ होऊ शकतो. 'दम धर' हे इंग्रजीत सांगायचं असेल तर 'होल्ड युअर ब्रेथ' म्हणून चालत नाही. त्यासाठी 'होल्ड युअर हॉर्सेस' किंवा साधं 'बी पेशंट' म्हणतात. घोडे आवर, म्हणजे घाई करू नकोस. 'होल्ड युअर टंग' म्हटलं तर अर्थ पुन्हा बदलतो : जीभ आवर, गप्प बस. तिन्हीकडे 'होल्ड' आहे, पण पुढचा शब्द बदलला की सगळंच बदलतं.

मराठीत नेमका पर्याय कोणता वापरायचा, हे सूर पाहून ठरवावं लागतं. साधा सल्ला असेल तर 'इतक्यात आशा धरू नका'. टोमणा असेल तर 'बसा वाट बघत'. आश्वासन देणाऱ्यावरच रोख असेल तर 'त्याच्या भरवशावर राहू नका'. आणि ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली त्यानंच दगा दिल्याचं सांगायचं असेल तर 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आहेच. फक्त फरक असा की ही म्हण गोष्ट फसल्यानंतर वापरतात, तर 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' ती फसण्याआधीच बजावतं.

वापर कसा करायचा?

हा वाक्प्रचार चार-पाच रूपांत भेटतो.

१. 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' : समोरच्याला थेट सांगताना.
'लिफ्ट सोमवारपर्यंत दुरुस्त होईल म्हणे.' 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ.' म्हणजे, 'जिन्याचीच सवय ठेव.'

२. 'आय ॲम नॉट होल्डिंग माय ब्रेथ' : स्वतःबद्दल बोलताना.
'त्यानं उसने पैसे परत करायचं कबूल केलंय, बट आय ॲम नॉट होल्डिंग माय ब्रेथ.' म्हणजे, 'कबूल केलंय खरं, पण मी काही त्यावर विसंबून नाही.' यात दुसऱ्याला टोमणा मारण्यापेक्षा स्वतःची सावध भूमिका जास्त दिसते, म्हणून हे रूप थोडं सौम्य आहे.

३. 'आय वुडन्ट होल्ड माय ब्रेथ' : 'तुमच्या जागी मी असतो तर वाट बघितली नसती.' सल्ला द्यायचा, पण हळुवारपणे, अशा वेळी हे चालतं.

४. '... बट डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' : वाक्याच्या शेवटी जोडलेली शेपटी. आधी एक आशादायक बातमी द्यायची आणि मग तिच्यावर पाणी ओतायचं. बातम्यांत आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये हे रूप सर्वात जास्त भेटतं.

५. 'हेल्ड देअर ब्रेथ' किंवा 'होल्डिंग देअर ब्रेथ' : नकार नसलेलं रूप. इथे टोमणा नाही, फक्त उत्कंठा आहे. वर दिलेली क्रिकेट आणि चांद्रयानाची उदाहरणं या प्रकारातली.

लिहिताना होणारी सर्वात मोठी चूक स्पेलिंगची आहे. 'ब्रेथ' हे नाम आहे, म्हणजे श्वास. 'ब्रीद' हे क्रियापद आहे, म्हणजे श्वास घेणं. क्रियापदाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई' अक्षर येतं, नामात येत नाही. या वाक्प्रचारात नेहमी नामच वापरायचं. सोशल मीडियावर अनेक जण घाईत शेवटी 'ई' लावून टाकतात आणि मग टोमण्याची धार जाऊन हसं होतं. (मराठीतलं 'ब्रीद', म्हणजे ब्रीदवाक्यातलं ब्रीद, हा तिसराच शब्द. त्याचा इंग्रजीशी काही संबंध नाही.)

अर्थ चुकला तर नुकसान काय?

समजा, पुण्यातल्या एका आयटी कंपनीतल्या टीमला परदेशातल्या मॅनेजरचा ईमेल येतो : 'द अप्रूवल मे कम बाय फ्रायडे, बट डोन्ट होल्ड युअर ब्रेथ.' एखाद्यानं पहिला अर्धा भाग नीट वाचला आणि दुसऱ्याकडे 'काळजी करू नका' असं समजून दुर्लक्ष केलं, तर काय होईल? शुक्रवारी मंजुरी येणार असं धरून तो शनिवार-रविवारचं काम लावेल, लोकांच्या सुट्ट्या रद्द करेल. मॅनेजरनं खरं तर सांगितलं होतं की शुक्रवार विसरा, दुसरी सोय बघा.

नोकरीच्या, व्हिसाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रवेशाच्या बाबतीत तर हे आणखी महागात पडू शकतं. परदेशात शिकणाऱ्या मुलाला वरिष्ठ विद्यार्थी म्हणाला, 'यू कॅन अप्लाय फॉर दॅट स्कॉलरशिप, बट डोन्ट होल्ड युअर ब्रेथ', तर त्याचा अर्थ असा की अर्ज जरूर कर, पण फीची व्यवस्था त्या पैशांवर अवलंबून ठेवू नकोस. तो नकार नाही आणि दिलासाही नाही. दुसरा मार्ग तयार ठेवायची सूचना आहे.

उलट बाजूनंही चूक होते. आपण मजेत वापरतो आणि समोरचा दुखावला जातो. हे वाक्य अनौपचारिक आहे, मित्रांत, सहकाऱ्यांत चालतं. वरिष्ठांना, ग्राहकाला किंवा अनोळखी माणसाला ते उद्धट वाटू शकतं. ग्राहकानं विचारलं, 'माझा रिफंड कधी येईल?' आणि कंपनीच्या माणसानं हे उत्तर दिलं, तर तो 'तुमचे पैसे बुडाले समजा' असंच ऐकणार.

सर्वात जास्त जपायला हवं ते खऱ्या आशेपुढे. कुणी नातेवाईक बरा होण्याची वाट बघतंय, कुणी हरवलेल्या माणसाच्या फोनची, कुणी परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नाच्या निकालाची. अशा ठिकाणी हे वाक्य क्रूर होतं. त्यातही घरात कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वासाचा हा विनोद करूच नये.

मग तेच नम्रपणे कसं सांगायचं? इंग्रजीत पर्याय आहेत. 'इट मे टेक अ व्हाइल', म्हणजे थोडा वेळ लागू शकतो. 'आय कान्ट प्रॉमिस', म्हणजे खात्री देता येत नाही. 'प्लीज डोन्ट काउंट ऑन इट यट', म्हणजे इतक्यात ते धरून चालू नका. निरोप तोच राहतो, फक्त बोचत नाही.

बातम्यांमध्ये हे वाक्य इतकं का दिसतं?

कारण आश्वासनं आणि मुदती या बातम्यांचा रोजचा विषय आहेत. आपल्याकडचं सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर काम पूर्ण होण्याच्या कित्येक तारखा जाहीर झाल्या आणि उलटून गेल्या. दर वर्षी गणपतीला कोकणात निघालेले चाकरमानी त्याच खड्ड्यांतून गेले. अशा वेळी नवी तारीख जाहीर झाली की इंग्रजीत लिहिणारा 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' लिहितो आणि मराठीत लिहिणारा 'कुठल्या वर्षीच्या गणपतीला?' असं विचारतो. भाषा वेगळी, वैताग एकच.

पण या वाक्प्रचाराची एक मर्यादाही आहे. तो भाकीत करतो आणि भाकितं चुकतात. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ मध्ये समिती नेमली गेली. २०१३ मध्ये तिचा अहवाल केंद्राकडे गेला. पुढची दहाहून जास्त वर्षं मागणी होत राहिली, पत्रं जात राहिली, अधिवेशनांत प्रश्न विचारले जात राहिले. 'मिळेल तेव्हा खरं' असं म्हणणाऱ्यांची तेव्हा काही कमी नव्हती. अखेर ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीसोबत मराठीला हा दर्जा दिला.

इतकी वर्षं कुणी श्वास रोखून बसलं नव्हतं, हे खरंच. पण पाठपुरावा करणाऱ्यांनी आशाही सोडली नव्हती. 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' या सल्ल्याचा चांगला अर्थ घ्यायचा तर तो असाच घ्यावा लागतो : नुसतं वाट बघत थांबू नका, हातातलं काम चालू ठेवा. 'सोडून द्या' असा अर्थ त्यात आपण आपल्या पदरचा घालतो.

जिथे हे वाक्य शब्दशः घ्यावंच लागतं

एक जागा अशी आहे जिथे हे वाक्य टोमणा नसतं आणि ते न ऐकल्यास जीव जाऊ शकतो. ती जागा म्हणजे स्कूबा डायव्हिंग.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबासाठी जाणाऱ्या पर्यटकांची संख्या मोठी आहे. स्कूबा शिकवताना जगभर जो पहिला नियम सांगतात तो हाच : पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका, सावकाश घेत-सोडत राहा.

त्यामागचं कारण दाबाचं आहे. समुद्रात साधारण १० मीटर खाली गेलं की एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. स्कूबाचा सिलिंडर त्या दाबाला साजेशी हवा देतो, म्हणजे फुप्फुसांत भरलेली हवा दाबलेली असते. आता हा श्वास रोखून कुणी घाबरून झपकन वर आलं, तर बाहेरचा दाब निम्मा होतो आणि आतली हवा दुप्पट जागा मागू लागते. फुप्फुसांत तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात. हा धोका फक्त खोल पाण्यातच असतो असंही नाही. हवा सर्वात झपाट्यानं फुगते ती पृष्ठभागाजवळच्या शेवटच्या काही मीटरमध्येच.

सिलिंडरशिवाय, वरूनच श्वास भरून बुडी मारणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी घेतलेली हवा पृष्ठभागावरची असते. खाली जाताना ती आक्रसते आणि वर येताना मूळ आकाराला येते, त्यामुळे फुप्फुसं अशी फुटत नाहीत. त्यांना धोका असतो तो शुद्ध हरपण्याचा.

याच्या नेमकी उलट सूचना एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या खोलीत मिळते. 'होल्ड युअर ब्रेथ', श्वास घ्या आणि रोखून धरा. छाती हलली की चित्र अस्पष्ट येतं, म्हणून काही सेकंद स्थिर राहायचं असतं. तिथेही शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच.

मग ओळखायचं कसं? सोपी खूण आहे. बोलणं शरीराबद्दल चालू असेल, म्हणजे पाणी, तपासणी, व्यायाम, तर वाक्य शब्दशः घ्या. बोलणं तारखेबद्दल, आश्वासनाबद्दल किंवा एखाद्या माणसाच्या शब्दाबद्दल चालू असेल, तर तो वाक्प्रचार आहे.

श्वासाचे इतर वाक्प्रचार

इंग्रजीत श्वासावर बेतलेले वाक्प्रचार बरेच आहेत. नेहमी भेटणारे काही, त्यांच्या मराठी जोडीदारांसह :

'सेव्ह युअर ब्रेथ' : बोलून उपयोग नाही. मराठीत 'तोंडाची वाफ दवडू नका'. दोन्ही भाषांत कल्पना किती जवळची आहे पाहा!

'कॅच युअर ब्रेथ' : जरा दम खा, थोडं थांबून घे.

'ब्रीद ईझी' : हायसं वाटणं, जीव भांड्यात पडणं.

'डोन्ट ब्रीद अ वर्ड' : याबद्दल चकार शब्द काढू नकोस.

'अंडर वन्स ब्रेथ' : तोंडातल्या तोंडात पुटपुटणं.

'इन द सेम ब्रेथ' : एकाच दमात दोन परस्परविरोधी गोष्टी बोलणं. राजकीय बातम्यांत हा फार चालतो.

'ब्रीदिंग डाऊन माय नेक' : मानगुटीवर बसणं. कामासाठी सतत मागे लागणाऱ्या साहेबासाठी.

'अ ब्रेथ ऑफ फ्रेश एअर' : कंटाळवाण्या वातावरणात आलेली ताजी झुळूक. नव्या माणसाबद्दल, नव्या सिनेमाबद्दल कौतुकानं म्हणतात.

'टेक युअर ब्रेथ अवे' : डोळे दिपवणं, थक्क करणं.

'विथ बेटेड ब्रेथ' : श्वास रोखून, उत्सुकतेनं. 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ'चा हा सख्खा भाऊ, पण यात टोमणा नाही. 'बेटेड' हा शब्द कमी होणं, ओसरणं अशा अर्थाच्या 'अबेट' या क्रियापदापासून आला आहे. शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉकच्या तोंडी हा शब्दप्रयोग आहे आणि ते नाटक १६०० साली छापलं गेलं. आज 'बेटेड' एकटा जवळपास कुठेच वापरला जात नाही, म्हणून अनेक जण त्याच उच्चाराचा, मध्ये 'आय' अक्षर असलेला दुसरा शब्द लिहितात. त्याचा अर्थ होतो आमिष लावलेला. मग उत्सुकतेनं वाट बघणाऱ्या माणसाच्या तोंडाला माशाचं आमिष लागतं!

पुढच्या वेळी हे वाक्य दिसलं तर

कमेंटमध्ये किंवा ईमेलमध्ये 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' दिसलं तर आधी पाहा की ते कशाबद्दल म्हटलंय. तारीख किंवा आश्वासन असेल तर समजा, बोलणाऱ्याच्या मते ते काम इतक्यात होत नाही. मग चिडण्याआधी विचारून घ्या, 'असं का वाटतं?' कधी त्यामागे ठोस माहिती असते, कधी नुसता वैताग असतो. माहिती असेल तर त्यानुसार दुसरी सोय लावा. वैताग असेल तर तो त्यांच्यापाशीच राहू द्या.

आणि स्वतः लिहिणार असाल तर समोरचा माणूस नेमकी कशाची वाट बघतोय, ते एकदा पाहून घ्या. वेबसिरीजचा पुढचा सीझन असेल तर खुशाल लिहा.